रँच, पाट आणि दादाचा कागद

हे लिहावं की नाही यावर माझा बरेच दिवस घोळ चालला होता. एक तर इथे वाचणाऱ्यांत निम्मी घरचीच मंडळी आहेत. शेवटी दादालाच फोन करून विचारलं. तो म्हणाला, "लिही, पण माझी बाजू पण लिही." तेव्हा दोन्ही बाजू लिहायचा प्रयत्न करते. जमलं नाही तर वहिनी आहेतच सांगायला.

२०२४च्या मे महिन्यात भाचीचा पदवीदान समारंभ होता, इथेच कोलोराडोत. त्यासाठी दादा-वहिनी पहिल्यांदा अमेरिकेत आले आणि हो-नाही करत अण्णाही आले. अण्णा तेव्हा ७८ वर्षांचे. टेक्सासहून धाकटा, त्याची बायको आणि त्यांचं तीन वर्षांचं कार्टं. आमचे चौघे. एकूण अकरा माणसं. आमचं घर लाँगमाँटला, तीन खोल्यांचं. चार दिवस अकरा माणसं तिथे सुखाने राहतील हा विचार नवऱ्याने पहिल्याच दिवशी बाथरूमबाहेरची रांग बघून सोडून दिला.

हॉटेलात राहायचं तर पाच खोल्या, पाच दारं. मग एकत्र येण्यात अर्थ काय? म्हणून डोंगरातलं एखादं रँच अख्खं भाड्याने घ्यायची टूम निघाली.

इथे एक थोडं विषयांतर. रँचवर पाहुणे ठेवायची पद्धत इकडे जुनी आहे. नॉर्थ डाकोटात ईटन बंधूंकडे १८८०च्या दशकात पूर्वेकडची ओळखीपाळखीची मंडळी येऊन महिनोन्‌महिने राहू लागली. शेवटी त्यांनी पैसे घ्यायला सुरुवात केली आणि त्यातून हा धंदाच सुरू झाला. १९२६ साली तर या लोकांची संघटनाही निघाली. (पाहुणे फार दिवस राहिले की पैसे घ्यावेत, हा विचार आपल्याकडे कुणाला कसा सुचला नाही कोण जाणे :-) ) आजही बरीचशी रँच आठवड्याच्या हिशेबाने असतात. सकाळी घोडे, संध्याकाळी शेकोटी, आणि जेवण सगळ्यांचं एकत्र एका लांब टेबलावर. जेवण म्हणजे मुख्यतः गाय. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ. तेव्हा तो प्रकार बाद. आम्हाला हवं होतं स्वतःचं स्वयंपाकघर असलेलं, आमच्याशिवाय दुसरं कुणी नसलेलं ठिकाण. असं एक ग्रॅनबीच्या जवळ मिळालं. मोठं लाकडी घर, बाजूला दोन केबिन, समोर गवताचं कुरण आणि पलीकडे डोंगर. चार रात्रींचे सव्वाचार हजार डॉलर, साफसफाईचे वेगळे.

हा आकडा दादाला सांगायला नको होता. धाकट्याने सांगितला. दादाने तिथल्या तिथे मनात गुणाकार केला आणि म्हणाला, "साडेतीन लाख. चार रात्रींचे." मग थोडं थांबून, "एवढ्यात माझी विहीर झाली असती."

हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. मी नाही नेलं, कारण विहिरीचा विषय आमच्या दोघांमधला होता.

तर आता मूळ गोष्ट. आमचं गाव धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. शेत साडेसहा एकर आणि ते आईच्या नावावर. २०१९ मध्ये आई गेली. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली आणि चार नावं लागली : अण्णा, दादा, मी, धाकटा. दादाला विहीर खोल करायची होती, पाइपलाइन टाकायची होती. बँकेने सांगितलं, एवढे खातेदार आहेत, सगळ्यांच्या सह्या आणा. कुणीतरी त्याला सुचवलं की त्यापेक्षा भावा-बहिणीकडून हक्कसोडपत्र घेऊन टाक, कायमची कटकट जाईल. २०२१ मध्ये एके दिवशी मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ आली. वर एक ओळ : "वकिलातीतून साक्षांकित करून पाठव." बस. फोन नाही, काही नाही.

धाकट्याने आठवड्यात पाठवून दिलं. मी नाही पाठवलं.

मला ती जमीन करायची नव्हती, विकायची तर मुळीच नव्हती. पण एक गोष्ट मला ठाऊक होती आणि दादाला नव्हती. परदेशात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. म्हणजे मी एकदा सही केली की उद्या कितीही पैसे असले तरी मला पांझरेच्या काठी एक गुंठाही परत घेता येणार नाही. आईचं माझ्याकडे उरलेलं असं दुसरं काय होतं? दोन लुगडी आणि तो सातबारा. हे मी त्याला सांगायला हवं होतं. मी फक्त "बघते" असं लिहिलं. त्यानेही विचारलं नाही. अशी तीन वर्षं गेली. दिवाळीला बोलायचो, तेही स्पीकरवर, सगळ्यांच्या देखत.

आता दादाची बाजू, जी मी तेव्हा बघितली नाही. आईच्या शेवटच्या आठ महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या त्याने केल्या. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्याने केलं. कांद्याचा भाव पडला की पडतो तो त्याच्या डोक्यावर. मी तिकीट काढून पंधरा दिवस यायचे, रडायचे आणि जायचे. त्याच्या दृष्टीने माझं नाव सातबाऱ्यावर असणं म्हणजे बँकेत एक फेरी जास्त, एवढंच.

असो. निघालो दोन गाड्यांतून. लाँगमाँटहून ग्रॅनबीला जायचा सुंदर रस्ता एस्टेस पार्कवरून जातो, ट्रेल रिज रोडने. पण तो १२,१८३ फुटांपर्यंत चढतो आणि तिथे वर बराच वेळ जातो. अण्णांना तेवढा वेळ तेवढ्या उंचीवर ठेवायची हिंमत होईना. म्हणून बर्थूड खिंडीतून गेलो. तीही ११,३०० फुटांवर आहे, पण चढलो आणि लगेच उतरलो. अण्णा खिडकीतून बघत होते. इतका बर्फ जूनमध्येही डोंगरावर आहे याचं त्यांना फार. "हे सगळं वितळून कुठे जातं?" त्यांनी विचारलं. तेव्हा कुणीच नीट उत्तर दिलं नाही.

ग्रॅनबी ओलांडल्यावर एका वळणानंतर डोंगर काळे दिसायला लागले. नुसते खांब. २०२०च्या ऑक्टोबरमधला ईस्ट ट्रबलसम वणवा. एक लाख ९३ हजार एकरांहून जास्त जळालं आणि ती आग अमेरिकेचा मुख्य पर्वतकणा ओलांडून पलीकडे उतरली. आम्हाला लाँगमाँटला तेव्हा दिवसा दिवे लावावे लागले होते ते मुलांना आठवलं. आमच्या रँचचं कुरण मात्र हिरवंगार होतं. मध्ये चर, चरांत पाणी झुळझुळ.

पहिली रात्र डाळीने खाल्ली. साधारण ८,००० फुटांवर पाणी ९२ अंशांनाच उकळतं, म्हणजे पातेल्यात डाळ कितीही उकळा, ती नुसती नाचते, शिजत नाही. तिथल्या स्वयंपाकघरात बारा माणसांची भांडी, वाफल्स करायचं यंत्र, कॉफीची तीन यंत्रं, पण कुकर नाही. वहिनींनी सामानातून स्वतःचा तीन लिटरचा कुकर काढला तेव्हा नवऱ्याने अक्षरशः टाळ्या वाजवल्या. धुळ्याहून आणला होता. "अमेरिकेत मिळत नसेल म्हणून नाही," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या कुकरचा मला भरवसा नाही." कुणी असं रँच घेणार असाल तर कुकर न्या, आणि पहिला दिवस कुणाला धावपळ करू देऊ नका. पाणी भरपूर प्यायला लावा. आमच्या धाकट्याचं डोकं रात्रभर दुखलं आणि अण्णा मात्र घोरत होते.

फोनला रेंज नव्हती. वायफाय होतं असं जाहिरातीत लिहिलेलं होतं, आणि ते होतंही, पण खिडकीच्या एका कोपऱ्यात, उभं राहून. मुलं दोन तास रुसली. मग पत्ते निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठले तर अण्णांची खाट रिकामी. धस्स झालं. बाहेर आले तर अण्णा कुरणाच्या कडेला उभे. अंगात माझ्या नवऱ्याचं जाकीट, डोक्याला मफलर. समोर गमबूट घातलेला एक मुलगा फावडं आणि नारिंगी ताडपत्री घेऊन चरात उतरलेला. ताडपत्रीचा एक काठ लाकडाला बांधलेला. तो ती आडवी टाकायचा, वर दोन ढेकळं ठेवायचा, की पाणी चराबाहेर पसरून गवतात शिरायचं. मग उचलून पुढे. अण्णा हातांनी त्याला काहीतरी सांगत होते आणि तो ऐकतही होता! मला बघून अण्णा म्हणाले, "पानी भारी शे." अण्णा घरात कधी अहिराणी बोलत नाहीत. आईशी मात्र बोलायचे.

"हा बारं देतोय," ते म्हणाले. "पण वरचा तुकडा आधी का भिजवला ते विचार."

मी विचारलं. वरच्या बाजूने पाणी आपोआप झिरपत खाली येतं, असं तो म्हणाला. अण्णांना ते पटलं नाही, पण "असेल" म्हणाले.

त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे कावुनीची खोऱ्यात होल्झवार्थ कुटुंबाचं जुनं रँच बघायला गेलो. आता ते राष्ट्रीय उद्यानात आहे. होल्झवार्थचा डेन्व्हरला दारूचा गुत्ता होता. १९१६ साली राज्यात दारूबंदी आली आणि धंदा बसला. म्हणून ते इकडे येऊन जमीन घेऊन राहिले आणि पुढे पाहुणे ठेवू लागले. त्या केबिन बघायला जाताना एक छोटा पूल लागतो. खाली ओढ्याएवढं पाणी. भाची म्हणाली, "आजोबा, ही कोलोराडो नदी." अण्णांनी वाकून बघितलं. "ही? हिच्यापेक्षा आमची पांझरा मोठी." दादा खूप दिवसांनी मोठ्याने हसला. आता पांझरेत निम्मं वर्ष पाणी कुठे असतं, हे कुणी म्हटलं नाही.

संध्याकाळी रँचची मालकीण चौकशीला आली. सत्तरीची बाई, जुनाट ट्रक, हात दादाच्या हातांसारखे. अण्णांनी तिला सोडलंच नाही. भाची दुभाषी. पाणी कुणाचं, पाट कुणाचा, पाळी कशी, पाटकरी कोण, सगळं विचारलं. बाई खूश झाली. पाहुणे तिला घोड्यांबद्दल आणि अस्वलांबद्दल विचारतात, पाटाबद्दल कुणी विचारत नाही म्हणे.

तिने सांगितलं ते असं. कोलोराडोत पाण्यावर हक्क असतो तो तारखेने. ज्याने आधी पाणी वळवलं त्याचा हक्क वरचा. राज्याच्या १८७६च्या घटनेतच ते आहे. ऑगस्टमध्ये पाणी कमी झालं की जुन्या तारखेवाला मागणी लावतो. मग सरकारी माणूस येऊन नव्या तारखेवाल्यांची दारं बंद करतो, पार जुन्याचं पुरं होईपर्यंत. तिच्या पाटाची तारीख १८९०च्या दशकातली, म्हणून तिचं गवत वाचतं. शेजाऱ्याची तारीख तीस वर्षांनंतरची, त्याचं कधीकधी वाळतं. आणि तो वितळलेला बर्फ कुठे जातो, या अण्णांच्या प्रश्नाचं उत्तरही तिनेच दिलं. बराचसा ग्रॅनबीच्या तलावात. तिथून पंपाने वर चढवून ग्रँड लेकमध्ये, आणि मग डोंगराखालच्या २१ किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे, आमच्या बाजूला. १९४७ पासून. म्हणजे लाँगमाँटला माझ्या नळाला येतं त्यातलं काही पाणी इथलंच. वीस वर्षं पितेय, मला माहीत नव्हतं.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पहिला आला त्याला भरपूर आणि मागून आला त्याला कोरडं? याला वाटणी म्हणत नाहीत."

आणि त्यांनी तिला आमच्याकडचे फड सांगितले. पांझरेवर दगडी बंधारे, शेकडो वर्षांचे. बंधाऱ्यातून पाट. पाटाखालच्या जमिनीचे मोठे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. प्रत्येक घराचा तुकडा प्रत्येक फडात. पाणी पाटकरी देणार, कुणी हात लावायचा नाही. आणि पाणी कमी असलं की गाव बसून ठरवणार, यंदा अमुक फड कोरडा. प्रत्येकाचा थोडा तुकडा त्यात असतोच, म्हणजे कुणाचं सगळं जात नाही आणि कुणाचं सगळं राहत नाही. भाचीला हे इंग्रजीत सांगताना घाम फुटला. आता बरेच बंधारे नावापुरते उरले आहेत, हेही अण्णांनी सांगितलं.

बाई म्हणाली, चांगली पद्धत आहे, पण आम्ही एकमेकांवर एवढा विश्वास ठेवत नाही. मग तिने आपणहून सांगितलं की या रँचवर तिच्या दोन भावांचीही नावं आहेत. भाड्याने देते ते कर भरायला आणि त्यांचा वाटा द्यायला. जमीन आहे, हातात पैसा नाही. एका भावाशी ती गेली नऊ वर्षं फक्त वकिलामार्फत बोलते.

भाचीने याचं भाषांतर केलं नाही. पण दादाला तेवढं इंग्रजी कळतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी चहाचे कप उचलले.

तिसऱ्या दिवशी धाकटा, भाची, मुलं आणि नवरा ट्रेल रिज रोडला गेले. त्या वर्षी वेळेचं आरक्षण लागायचं, ते आधीच काढलेलं होतं. वहिनी आणि धाकटी जाऊ बाळाला घेऊन घरी. अण्णा झोपलेले. दादा पाटाकडे गेला होता. मी चहा घेऊन गेले. आमच्यात पहिलं वाक्य कुणी बोलायचं ते ठरेना. शेवटी तोच म्हणाला, "नऊ वर्षं वकिलामार्फत. वकील काय घेत असेल गं?"

मी म्हटलं, "तू फोन का नाही केलास?"

"तू पण कुठे केलास?"

खरं होतं. मग मी त्याला ते विकत न घेता येण्याचं सांगितलं. आईचं सांगितलं. तो ऐकत होता, पायाने ढेकूळ फोडत. म्हणाला, "मला वाटलं तुला पैसे पाहिजेत. सरळ सांगता येत नसेल म्हणून गप्प आहेस." मला राग आला, आणि मग वाटलं, पैसे नको होते हे मी तरी कुठे सांगितलं होतं? तीन वर्षांत एकदा पाइपलाइनचे अर्धे पैसे मी देते, असंही म्हटलं नव्हतं. साडेतीन लाख रँचला दिले.

तेही मी बोलले. दादा म्हणाला, "पैसे नको. बँकेला सही दे. नाव राहू दे तुझं. पण कर्जावर तुझं पण नाव लागेल, हप्ता थकला तर तुला पण नोटीस येईल. चालेल?"

"चालेल."

"आत्ता म्हणतेस."

"चालेल म्हटलं ना."

भांडण मिटलं असं नाही म्हणणार. त्याच संध्याकाळी भाकऱ्यांच्या पिठावरून आमचं पुन्हा वाजलं. पण ते चांगलं खणखणीत वाजलं, स्पीकरवर नाही.

अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरं." एवढंच. नंतर वहिनींनी सांगितलं की हक्कसोडीचा कागद दादाने बॅगेत घालून आणला होता, आणि अण्णांनी तो निघायच्या दिवशीच बघितला होता. काही बोलले मात्र नव्हते.

शेवटच्या दिवशी फ्रिजवर यादी चिकटवलेली होती. चादरी काढा, भांडी धुवा, कचरा अस्वलाला उघडता येणार नाही त्या लोखंडी पेटीत टाका, राख बादलीत भरा, अकराच्या आत निघा. दादा उश्यांचे अभ्रे काढता काढता म्हणाला, "साडेतीन लाख देऊन वर धुणंपण आपणच गोळा करायचं?" अण्णा तेव्हाही कुरणावर होते. गमबूटवाल्या मुलाने त्यांच्या हातात फावडं दिलं होतं. अण्णांनी खालचा तुकडा आधी भिजवला.

बँकेचं काम पुढे पाच महिने चाललं. मला दोनदा वकिलातीचे कागद करावे लागले आणि एकदा ते परत आले, कारण माझं माहेरचं नाव एकीकडे वेगळं होतं. डिसेंबरमध्ये दादाने नवा सातबारा पाठवला. चार नावं, खाली कर्जाचा बोजा. सोबत एक ओळही नव्हती. या वेळी मी फोन केला. म्हणाला, विहीर खोल झाली, पाणी लागलंय पण थोडं आहे, कांद्याचं रोप टाकलंय. आणि धाप लागल्यासारखा वाटला म्हणून विचारलं तर म्हणाला, "पाटावर आहे. बारं देतोय. ठेव आता, पाणी फुटतंय."